चुन्याचा ठिपका

ऊन पाषाणच्या टेकडीमागे गेलं
की रेंजवर पहिल्यांदा विझते ती
पिस्तुलाची पुढची माशी.
लक्ष्य नंतर. आधी माशी.
काळ्या खाचेत काळा दांडा,
कोळशाच्या वखारीत म्हैस शोधा म्हणावं.

इलाही शिकलगार, हवालदार, शस्त्रागार,
निवृत्तीला चौदा महिने.
म्हणाला, "मॅडम, डोळ्यांचं वय काय?"
माझं नाही विचारलं. डोळ्यांचं.
म्हटलं, सत्तेचाळीस.
"मग एकच कायतरी साफ दिसणार.
माशी बघा. समोरचा धूसर होऊ द्या."

समोरचा धूसर होऊ द्या.
एकवीस वर्षं मला पगार मिळतोय
समोरच्याकडे रोखून बघण्याचा.

स्टोअरमधून नवी साईट आली होती, नमुन्यादाखल,
तीन हिरवे ठिपके, आपापल्या उजेडानं जळणारे.
ना सेल, ना बटण.
"बारा वर्षांत निम्मी विझते,"
शिकलगार म्हणाला, "म्हणजे आपल्यापेक्षा बरी."
दिवे घालवले, आणि मी
मधे बसवायचा ठिपका
डावीकडे बसवला, रांगेत, टापटीप.
पाचही गोळ्या डाव्या बांधात.
खरं तर मला हे ठाऊक असायला हवं होतं:
तीन साक्षीदार एकसारखं बोलायला लागले
की खटला पडतो.

मग त्यानं तंबाखूची चंची काढली.
चुन्याच्या डबीत काडीचं टोक बुडवलं
आणि माझ्या जुन्या पिस्तुलाच्या माशीवर
ठेवला एक ठिपका,
बारशाला बाळाला तीट लावावी तसा, फक्त पांढरा.
मागच्या खाचेची चमक मारायला काजळ हवं होतं.
माझ्याकडे नव्हतं.
धनकुडे बाईंच्या पर्समध्ये निघालं.
"मागचं काळं, पुढचं पांढरं. संपलं.
पण पांढऱ्याला थोडा तरी उजेड लागतो बरं का,
ठार अंधारात चुना पण आंधळा."

जानेवारीत, मुंढव्याच्या बंधाऱ्याखाली,
रात्री पावणेदोन.
कोठडीतून पळालेला एक जण
पंपहाऊसकडे गेला अशी खबर.
जलपर्णीचा वास, पायाखाली प्लास्टिक,
पुलावरच्या दिव्याचा पिवळा चतकोर
कसाबसा माझ्या मनगटापर्यंत येत होता.
आणि भिंतीपाशी कुणीतरी उभं.
हातात लांब काहीतरी.

पिस्तूल वर गेलं.
काय सांगू, इतकी सुंदर माशी
मला कधी दिसली नव्हती.
ठिपका खाचेच्या बरोब्बर मध्ये, दोन्ही बाजूंना सारखी फट,
श्वासाबरोबरसुद्धा हलत नव्हता.
आणि समोरचा, शिकवल्याप्रमाणे,
धूसर.

बोट चापावर नव्हतं.
जबाबात लिहावं तसं लिहून ठेवते: नव्हतं.
डाव्या हातानं टॉर्च शोधला.
तो पट्ट्याच्या मागे सरकला होता.
तेवढा वेळ मी त्या धुसर माणसाला
कोणाचंही तोंड देऊ शकत होते.

उजेड पडला.
बारा-तेरा वर्षांचा पोरगा,
हातात गळाची काठी, डोळे मिटलेले.
"मावशी, लाईट बंद करा ना,
मासे पळतात."

केला बंद.
पळालेला सकाळी हडपसरला चहा पिताना सापडला,
ती वेगळी गोष्ट.

शिकलगारनं विचारलं, माशी दिसली का?
म्हटलं, दिसली. फार छान दिसली.
तो माझ्याकडे बघत राहिला,
मग चंची सोडली,
नखानं जुना चुना खरवडला.
"नवा लावू?"
"लावा," म्हटलं.
"आणि टॉर्चला पुढे अडकवायला
एखादा हूक असेल तर बघा."

खिडकीच्या उन्हात धरून पाहिलं,
तांदळाच्या कणीएवढा.
ओला होता अजून.
बोटाला लागला, पुसला साडीला,
तेव्हा लक्षात आलं की आज सुट्टी आहे,
आणि मी इथे का आले होते
ते कुणी विचारलंच नाही.