पाचर

बाझील तूर्नेलची क्षितिजं नेहमी डावीकडे कललेली.
जास्त नाही, हातभर कापडात करंगळीच्या नखाएवढी.
पण मी चौकटी करतो, नव्हेर गावात, बाप करायचा तेव्हापासून,
आणि गुण्याला नखभर खोट चालत नाही.

कॅनव्हास यायचे गुंडाळ्यांतून, बोटीने, खेचरावरून:
नॉर्वेहून एक, त्याला खारवलेल्या माशांचा वास;
बिस्क्राहून सात, उलगडताच टेबलावर वाळू सांडली;
ओव्हेर्न्यच्या डोंगरातून आलेला तर ओलाच, ढगात माशी चिकटलेली.
सोबत चिठ्ठी: अक्रोडाची चौकट. सोनेरी नको. पैसे ऑक्टोबरात.
कुठल्या ऑक्टोबरात, ते कधी लिहिलं नाही.

कोणी म्हणे दारू, कोणी म्हणे एक पाय आखूड.
मी काही म्हणत नसे.
रात्री दिवा जवळ ओढून
वरून एक, खालून एक, बारीक पाचर कापायचो
आणि समुद्र पाणसळीत आणायचो.

एकतीस वर्षं.
एकदा तो दुकानात आला, टोपी न काढता
आपल्याच फ्योर्डसमोर बराच वेळ उभा राहिला,
मान किंचित झुकवून.
म्हणाला, "इथे वारा पडलेला दिसतोय."

मार्चमध्ये तो गेला.
शेवटच्या चित्राला लाकूड कुठलं, हे बहिणीला विचारायला
मी कालव्यावर गेलो,
त्यांचा बाप जिथे पाण्याचे दरवाजे उघडायचा त्या घरी.
म्हाताऱ्या ओदीलने कॉफी ठेवली, कप हाताने धरूनच.
घर एका अंगाने खचलंय. कालवा पाझरतो, म्हणाली, आमच्या जन्माआधीपासून.
मग खिडकीजवळचं स्टूल दाखवलं:
"इथे बसायचा. पाय जमिनीला पुरत नव्हते तेव्हा."
मी बसलो.

खिडकीच्या चौकटीत पाणी.
डावीकडे कललेलं.
नखभर.

घरी येऊन खण उपसला.
पाचरी मला कधी टाकवल्या नव्हत्या,
पण सगळ्या उरल्याही नव्हत्या.
लेओंतीनने कित्येक मुरंब्याच्या बरण्यांना दोऱ्याने बांधल्या होत्या,
कोऱ्या बाजूवर फळाचं नाव, साल.
उरलेल्या जुळवून पाहिल्या. वाळू बर्फाला लागेना,
बर्फ कशालाच लागेना.

त्या चित्राची चौकट अजून व्हायची आहे.
अक्रोड कापून ठेवलाय.
गुण्या सापडत नाही, असं मी लेओंतीनला सांगितलं.
तो माझ्या कोपराशीच होता.
ती काही बोलली नाही, जर्दाळूची बरणी पुढे सरकवली;
दोऱ्यावर गिरकी घेत, एका बाजूने तिचं अक्षर,
दुसऱ्या बाजूने
नॉर्वेचं थोडं पाणी.