खाडाखोड

शिरीन मुजावरनं पहिल्या मसुद्यात लिहिलं :
‘चिंचओढा मेला आहे.’
मी लाल पेनानं रेघ मारली.
समासात लिहिलं, हे मत झालं. पाहिलं ते लिही.
दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी नवा कागद आला :
‘दिनांक अकरा मार्च, सकाळी सहा चाळीस.
शेवटच्या हळदीच्या रानाखाली
पाणी चहाच्या रंगाचं.
तीस पावलांत मेलेले मासे, एकशे चौदा.
सगळ्यांची तोंडं उघडी.’
शेवटच्या ओळीवर पेन थबकलं.
ती राहू दिली.

आमचं केंद्र म्हणजे कॉलेजच्या जिन्याखालची खोली.
पाच खुर्च्या, त्यातली एक
सांगून-सवरून बसावं लागतं अशी.
पाटीवरचा ‘विधी’ वाचून एकदा एक गृहस्थ
वास्तुशांतीची चौकशी करून गेले.
कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये, दुधाच्या पिशव्यांना खेटून,
सीलबंद बाटल्या. लाखेवर भरमूच्या अंगठ्याचा ठसा.
चुकून चहात पडलं तर, मॅडम? मामा विचारतात.
मी म्हणते, रंगावरून तर कळणार नाही.

काठावर सत्यव्वा भोई सांगत होत्या,
‘वास आदी येतोय. पानी मागनं.’
भरमूनं विचारलं, वास म्हणजे नेमका कसा?
त्या गप्प.
मला पुढचा प्रश्न सुचला होता,
जिभेच्या टोकावर होता.
शिकवणं म्हणजे अशा वेळी
साडीला लागलेली कुसळं काढत बसणं.
फार वेळानं त्या म्हणाल्या,
‘जाळं तीनदा धुतलं, उन्हात टाकलं.
नातू अजून त्याच्याजवळ झोपत न्हाई.’
भरमूनं तसंच उतरवलं, ‘न्हाई’सकट.

आणि रेवणसिद्ध.
वर्गात सगळ्यात नेटकं अक्षर. नकाशा त्याचा, तक्ते त्याचे.
टँकर रात्री दोननंतर येतात
हे त्यानंच आम्हाला सांगितलं होतं.
कसं कळलं, ते मी विचारलं नव्हतं.

परवा सगळे गेल्यावर तो आला
आणि त्या मोडक्या खुर्चीवर बघता न बघता बसला.
‘मॅडम, मधल्या टँकरवर जो ड्रायव्हर आहे ना,
त्याचा डबा आमच्या घरनं जातो.’

बावीस वर्षं मी सांगत आले,
पाहिलं ते लिही, ठाऊक आहे ते सांग.
आणि माझ्याच तोंडून निघालं, पुढं बोलू नकोस.
तू सांगितलंस की मला ठाऊक होईल,
मला झालं की फाइलला.

मग हितसंबंधाचा फॉर्म काढला.
या खोलीत तो कधी कुणी भरला नव्हता.
परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्न येतो.
‘नाते’ या रकान्यात त्यानं ‘वडील’ लिहिलं,
खोडलं,
‘घरातील व्यक्ती’ लिहिलं, तेही खोडलं.
परत ‘वडील’.

खाडाखोडीशेजारी सही लागते, मी म्हटलं.
त्यानं दोन्हीकडं केली.

फाइल शिरीनकडं दिली. कारण विचारू नकोस, म्हटलं.
तिनं विचारलं नाही.
म्हणजे तिला कळलं असावं.
हेही मतच.

बाटल्या पहाटेच्या गाडीनं पुण्याला जायच्या होत्या.
संध्याकाळी दारात थर्मोकोलचा डबा दिसला,
काठोकाठ बर्फ.
नाव नव्हतं. झाकणावर फक्त बाण,
आणि ‘ही बाजू वर’,
नेटक्या अक्षरात.

मी तो उचलला नाही.
शिरीनला पन्नासची नोट दिली,
स्टँडसमोरच्या गाड्यावरून बर्फ आण म्हटलं,
पावती मिळाली तर पावतीही.

रात्री कुलूप लावताना ऐकू येत होतं,
जिन्याखाली काहीतरी
थेंब थेंब.