डोंग्याची फळी

फळी तिच्याच नवऱ्याच्या डोंग्याची.
तीन पावसाळे तलावाच्या पाळीवर पालथा पडलेला,
बुडाला वाळवी, काठाचं मोहाचं लाकूड मात्र अजून घट्ट.
‘ने,’ म्हणाली सयत्रा, ‘चुलीत तं जानारच हाये.’

रंधून सपाट केली, कोळशानं तिचा चेहरा काढला.
ती सुकट निवडत होती.
मान वर नाही, बोलणं नाही.

मोह ऐकत नाही पटाशीचं.
नाक सरळ न्यावं तर लाकडाची शीर ओढून नेते.
गालावरची खिपली उडाली, तिथं खड्डा.
आणि एका डोळ्याच्या जागी नेमकी गाठ.
तीन दिवस तिच्याभोवती कोरत राहिलो
तर नुसती वर्तुळं होत गेली.

शाई वडशाच्या प्रेसमधली,
नाटकांची हँडबिलं छापून उरलेली.
दाबायला यंत्र कुठलं?
वरणाच्या डावाची पाठ घेऊन दुपारभर घासत बसलो
कपाळ, जबडा, गळ्याच्या शिरा,
बाळंतिणीला तेल चोळावं तसा.

कागद सोलून काढला आणि ओसरी हसली.
काळी, वाकडी,
एक डोळा भोवऱ्यासारखा, तोंड म्हणजे नुसती फट.
‘मास्तर, हे का आमची सयत्रा?’ बिसन नन्नावरे म्हणाला.
गोंदणसुद्धा उजव्या गालावरून डाव्यावर.
मी सांगू लागलो, ठशात सगळं उलटं येतं.
चुकलेलं नाक तसंच का ठेवलं
ते मात्र सांगता येईना.

तिनं हात लुगड्याला पुसले.
कागद परातीसारखा आडवा धरला
आणि वाकून पाहत राहिली खाली, बराच वेळ.
‘पान्यात मी अशीच दिसतो,’ म्हणाली.
‘जाळं फेकलं का अशीच मोडतो.’

गालासाठी मी पिवळा कालवला होता, कपाळाला शेंदरी.
तिनं वाट्या सरकवल्या.
‘हिरवा दे. शेवाळाचा.’
ब्रश नको, बोटानंच
खड्ड्यापासून कानापर्यंत एक पट्टा.
रेषेबाहेर गेला. जाऊ दिला.
गाठीच्या डोळ्यात काय भरू, विचारलं.
‘तिथं खोल हाये. रंग नाई पुरनार.’

नऊ ठसे निघाले, नऊही हिरवे,
एकाचा हिरवा दुसऱ्याला लागत नाही.
एक तिनं नेला.

पंधरा दिवसांनी विचारलं, कुठं लावला?
धानाच्या ढोलीच्या झाकणाला, म्हणाली,
तोंड आत करून.
‘उंदरं भेतेत.’