चार्ज

रोशन, बस. किल्ल्यांचा जुडगा घे पयले.
खाटा दोन, गाद्या दोन, एक उंदरानं कुरतडेल,
भितीवरचं घड्याय वीस मिंट मांगं,
पाऊस मोजाचं भांडं.
सारं रजिष्टरात लिवून हाये. सही कर.

आता बाहीर ये. हे रजिष्टरात नाई.

हे जे खुंट दिसून रायले, ईतभर,
न्हाव्यानं घाईत भादरल्यासारखे,
ते गवत हाये.
मेलं नाई. मीच कापलं, शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी,
सुतळीनं बांधून, एका झटक्यात.

देऊळकर साहेबाच्या बाईनं आणलं होतं नागपुरातून,
बारा रोपं. संग गुलाब, संग लॉन.
कालव्याचं पाणी इथवर कधी आलंच नाई.
लॉन गेलं, गुलाब गेले, साहेबाची बदली झाली.
पाण्याच्या खात्यात चौतीस वर्सं चाकरी माही,
अन् हातून जगलं ते बिनपाण्याचं.

कायी माती त्याले सोसत नाई.
पावसात पाय भिजून रायले का सडते.
म्हून मुरूम टाकला, टेकाड केलं.
पयल्या वर्सी आठवड्याले एक बालटी,
मंग त्याच्याकडं पाहूच नोको.
युरिया तं दाखवू नोको,
माजते, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर पडते.

पोयाच्या मांगंपुढं तुरे निघतात.
लोकं म्हणतात कोल्ह्याची शेपटी.
मले हात लावला का
धाकटीचं जावय याद येते.
सुगरण पातं चिरून नेते, नेऊ दे.
लटारीच्या वावरात बी उडते, तो बोंबलते;
उगवलं तं आपणच जाऊन उपटाचं.
मंग चाय पाजते.

अन् तीन-चार वर्सांनी
बुडखा मधातून मरते.
भवताल हिरवं, मधात खाली,
रस्त्यावरून समजत नाई.
तवा सब्बल घालाचं,
कडेकडेचे तुकडे कराचे, मधातलं फेकाचं.
मले पयल्यांदा जमलं नाई.
सब्बल घेऊन उभा रायलो अन् परत ठेवलं.
गिरजा जाऊन महिनाच झाला होता.
पुढच्या वर्सी केले. चारही लागले.

त्या ओल्या पोत्यात एक तुकडा हाये, तो मी नेतो.
रजिष्टरात नाई, म्हून चोरी नाई.
उन्हायात लावाची वेय नसते,
पण रिटायरची तारीख गवताले इचारून ठरत नाई.

तू हसून रायला. बराबर हाये,
आज याले कोणी बगिचा म्हणन नाई,
अन् माह्या मोबाईलात फोटो नाई.
पोयापर्यंत थांब.
तवरक कोणी साहेब आला, म्हणला, हे काड साफ करा,
तं म्हणजो, हो साहेब.
अन् करू नोको.