पिलं

चावदस नानांना हवं होतं एवढंच:
पेन्शनच्या दाखल्याचा फोटो
पन्नास केबीत बसवणं.
त्यांनी शोधलं. फुकट मिळालं.
फोटो लहान झाला,
बाकी सगळं मोठं झालं.

मे महिना. सावद्यात सेहेचाळीस.
स्कूटीच्या सीटवर ओला रुमाल टाकून मी पोचले
तर दारातच म्हणाले,
'पोरी, घरात कोनी घुसलं वं.'

स्क्रीनच्या वरच्या अंगाला तीन पट्ट्या,
लग्नघरच्या सतरंज्यांसारख्या एकाखाली एक.
रमीचा एक्का.
एक सफाईवाला, लाल अक्षरांत ओरडणारा:
अकराशे त्रेचाळीस दोष सापडले, पैसे भरा, काढतो.
(घाण आणली त्यानंच, झाडूही तोच विकतोय.)
आणि कोपऱ्यात एक बाई,
दर दहा मिनिटांनी इंग्रजीत अभिनंदन करणारी.
'मी एकाले बोलावलं,' नाना म्हणाले,
'हे तं वऱ्हाडच उतरलं बाप्पा.'

बसवताना काय काय दाबलं?
'पुढे,' म्हणाले. 'पुढे. पुढे. पुढे.
तेहतीस वर्षं एसटीत तेच तं म्हटलं.'

खूण आधीच केलेली होती.
बारीक चौकोनात, नानांच्या वतीनं,
कुणीतरी हो म्हणून ठेवलेलं.
नाहीचं बटणही होतं,
पण राखेच्या रंगाचं,
चुलीत हात घातल्याशिवाय न सापडणारं.

बाजारात भरताची वांगी घेतली
की ती बाई वरून मूठभर मिरच्या टाकते.
तीही विचारत नाही, तेही फुकटच.
पण त्या मिरच्या रात्री उठून
माझी कपाटं उघडत नाहीत.

मी यादी काढली, तारखेनं लावली.
एकाच दुपारी जन्मलेली सात.
एकेक काढताना विचारत होती,
खरंच जाऊ? आमचं काय चुकलं?
एकानं तर रडका चेहरा दाखवला.
नाना खुर्चीमागं उभे, हातात कोयता असल्यासारखे.
'पिलं व्हय ही. केळीच्या बुडाशी फुटता तशी.
कापली नाही तं घड भरत नाही.'
कंदापासून कापायची, मी म्हटलं,
आणि रजिस्ट्रीत उतरले.

सहा गेली.

सातवं हवामानाचं.
निळा चौकोन: ओउलू. चार अंश. भुरभुर पाऊस.
कुठलं गाव, कुणी निवडलं, त्यांचं त्यांना ठाऊक.
मी बाण तिथं नेला.

'ते राहू दे वं.'

नाना, तेही त्यांच्यातलंच आहे.
तुमचं काय काय वाचत असेल.
'वाचू दे. काय हाये माझ्याजवळ?
काल तिथं सहा होतं. परवा जरासं ऊन पडलं.
दुपारी पंखाबी गरम वारा फेकतो,
तव्हा मी तिथं जाऊन बसतो थोडा.'

मी समजावलं. माहिती कशी गोळा होते,
कुठं विकली जाते, किती जणांना.
ते ऐकत राहिले,
सुट्टे नसलेल्या प्रवाशाचं ऐकावं तसे.
मग म्हणाले,
'एक पिल ठेवाच लागतं, पोरी.
पुढच्या बागेसाठी.'

चहा येईपर्यंत मी एवढंच केलं:
फायरवॉल उघडली,
त्या निळ्या चौकोनाचा बाहेरचा रस्ता बंद केला.
एका छोट्या चौकोनात एक खूण.
नानांच्या वतीनं.
दोनशे रुपये घेतले, फोटोचे घेतले नाहीत.

आठ दिवसांनी फोन.
मला वाटलं, पुन्हा फुटली.
पण आवाज हळू होता,
कुणी आजारी असल्यासारखा:

'पोरी, ओलूत पाऊस थांबतच नाही वं.'