पासंग

चौलच्या जत्रेत माझं काम उजेडाचं.
देवळाच्या कुंडापासून दत्ताच्या टेकडीच्या पहिल्या पायरीपर्यंत
एकशे चाळीस दुकानं, दुकानामागे दोन ट्यूब,
पाळण्याची लाइन वेगळी.
पाच रात्री मी मान वर करूनच चालतो,
त्यामुळे हे गाव मला वायरींवरून माहीत:
पोफळीला दिलेला ताण,
हमामखान्याच्या पडक्या घुमटाला घातलेला वळसा,
मारुतीच्या देवळीतून चोरून घेतलेलं कनेक्शन
(पुजाऱ्याला ठाऊक आहे, मारुतीलाही).
पूर्वी इथे बंदर होतं म्हणतात.
घोडे उतरायचे, भाषा उतरायच्या.
आता खाडीत गाळ, आणि गाळात एक बगळा
जकात गोळा करायला नेमल्यासारखा.

खाली बघायचं काम इतरांचं.
खाली जैनुद्दीन दळव्यांच्या बांगड्या,
एलिझरच्या सोड्याच्या बाटल्या, त्यांतल्या गोट्या,
विळे, कोयते, खलबत्ते, बत्ताशांचे ढीग.
वर जाऊन आलेली माणसं खाली घासाघीस करतात;
देवाशी बोलून जिभेला सवय झालेली असते.
आणि डोळे मिचकावणारी प्लास्टिकची बेडकं,
पोटाखाली बारीक अक्षरांत चीन.

अडीचला जनरेटर बसला.
पाळणा वरच थांबला, वरून कोणीतरी मला शिवी घातली.
टेकडीवर समया तेवढ्या राहिल्या,
आणि वाटेच्या टोकाला
धाकलीबायच्या पोपटीचा जाळ.

"बस रं वायरमन," ती म्हणाली,
"तुजा उजेड मेला तं शेंगा खा."
मडकं उपडं केलं. भांबुर्डीच्या पाल्याचा वास,
वालाच्या शेंगा, काळपट, घामेजलेल्या.
तराजू उचलला. डावं पारडं वर राहत होतं,
त्यात तिने एक खापरी टाकली.
काटा सरळ.

मी खापरी जाळापाशी धरली.
सायीसारखी पांढरी, तिच्यावर निळं शेपूट.
माशाचं. पुढचा मासा नाही.
वाडीत नारळाचं आळं खणताना निघाली म्हणे,
निघतात असली, पोरं ठिकरी खेळतात.
गेल्या साली एक कॉलेजचा मास्तर आला,
चष्मा काढून बघत बसला,
म्हणाला, चीनची, पाचशे वर्षांपूर्वीची.
"मी इचारलं, मासा कोनचा? त्याला सांगता येईना."

चाळीस वर्षं रेवदंड्याच्या बाजारात बसलेली बाई.
तिने अंगठा शेपटावरून फिरवला.
"बोयट नाय. जिताडा नाय.
यो खाऱ्या पान्यातलाच नाय.
गोऱ्या पान्याचा हाय, तलावातला.
कवरं खारं पिऊन आला असंल बिचारा."

दोनशे देतो म्हटलं.
हसली. "देईन रं,
पन मंग माजं माप खोटं परंल."

समोरचा बेडूकवाला पोरगा
अंधाराला घाबरून एकच बटण दाबत होता.
लाल, हिरवा, लाल.
त्या उजेडात शेपूट हललं असं मी म्हणणार नाही.
पण धाकलीबायने खापरी माझ्या हातातून घेतली
ती जिवंत वस्तू घ्यावी तशी, दोन बोटांनी, मागून.

डिझेल आलं. जनरेटर खोकला, लागला.
एकशे चाळीस दुकानं एकदम खरी झाली,
पाळण्यावरचा शिवी देणारा खाली उतरून
मला ओळख न देता गेला.
मी मान वर केली.

सहाव्या दिवशी वायरी गुंडाळत कुंडापाशी आलो.
जत्रा गेलेली, पत्रावळी राहिलेल्या.
पाणी निवळत होतं, त्यात मासे,
हिरव्या शेवाळात वळून जाणारे.
त्यांची शेपटं बघत
थोडा वेळ उभा राहिलो.
मग शिडी उचलली.