शटडाउन

एप्रिलच्या सहा तारखेला जब्बार आला,
सायकलला गवताच्या ताट्या बांधून.
कूलरची मागची जाळी त्यानं उघडली
आणि न बोलता तशीच परत लावली.
मग हळूच म्हणाला,
"भाऊ, बाळंतीण बसली आहे आत."

दयाळ. मादी. राखाडी.
जळक्या मोटरच्या मागं, गेल्या सालच्या गवताची वाटी,
त्यात चार अंडी,
हिरवट, वर गंजाचे ठिपके,
जसं काही पत्र्याकडूनच रंग उसना घेतला.

मी लाइनमन होतो. तेहतीस वर्षं.
पावसाळ्याआधीच्या कामांत दर साली यायचं :
खांबावरची घरटी काढणे.
कावळा तारेचंच घर बांधतो,
बाइंडिंगचे तुकडे, हँगर, एकदा चष्म्याची काडी,
आणि त्यातली एक काडी दुसऱ्या फेजला टेकली
की अर्धं खामला अंधारात.
लांब बांबू, टोकाला हूक.
खाली निखारे साहेब रजिस्टर धरून.
"किती?"
"अकरा."
"अकरा," ते लिहीत.
आत काही होतं का, असा रकाना नव्हता.

कुंदा म्हणाली, "काहून उभे आहा तिथं?
चव्वेचाळीस झालं बाप्पा, लावा ना तो कूलर."
मी म्हटलं, लाइनवर शटडाउन आहे.
ज्यानं घेतला त्यानंच परत करायचा,
तोवर स्विचला कोणी हात लावत नाही.
ती हसली नाही.
बादलीत चादर बुडवली, पिळली,
आणि खिडकीला टांगली.

असं मग खाट लिंबाखाली आली.
बाग म्हणजे काय, दोन लिंबं, एक शेवगा,
भिंतीलगत जास्वंद, आणि पाण्याचं एक परळ.
पण आभाळाकडं तोंड करून पडायला
मला नोकरीत कधी सांगितलं नव्हतं.
वर पाहायचो ते तार कुठं लोंबते यासाठी.

शिंजीर फुलाच्या तोंडाशी जातच नाही,
देठाकडून भोक पाडतो. सरळ आकडा टाकून चोरी.
दुपारी एकला तांबट ठोकायला बसतो,
त्याचं दुकान कोणत्या झाडावर, अजून सापडलं नाही.
गांधीलमाश्या परळाच्या काठावर रांगेनं उतरतात,
पाणी घेतात, जातात, भांडत नाहीत.
धनेशाची जोडी एकदाच आली,
शेवग्यावर बसली, फांदी पसंत पडली नाही.
सोनेगावचं विमान डोक्यावरून इतकं खाली जातं
की परळातलं पाणी थरथरतं,
सातभाई तेवढ्यापुरते गप्प होतात
आणि मग त्या विमानाबद्दलच बोलतात.

एका सकाळी गुणगुण ऐकू आली, घराच्या मागून.
माझा तो बांबू, हुकासकट,
सात वर्षं भिंतीला टेकून.
त्याला पेराजवळ गोल भोक,
बोट जाईल एवढं,
खाली पिवळा भुसा,
आणि काळाकुळीत भुंगा बाहेर येऊन
माझ्यासमोर हवेत उभा राहिला.
ओळखपत्र मागावं तसा.

मी मागं सरलो.

दयाळाचा नर पहाटे चारला सुरू होतो.
खांबावरचा दिवा त्याला उजेड वाटतो म्हणे.
तो दिवा मीच लावलेला.
अंड्यांची पिल्लं झाली तेव्हा आवाजावरून कळलं,
पत्र्याच्या आत कोणी काड्यापेटी हलवल्यासारखं.
मादी दिवसातून किती फेऱ्या मारते ते मोजायला बसलो,
साठाच्या पुढं चुकलो,
आणि पहिल्यांदाच एखादा आकडा चुकला
याचं काही वाटलं नाही.

मेच्या तीन तारखेला मी दूध आणायला गेलो होतो.
परत आलो तर कुंदा ओट्यावर बसलेली,
हातात तशीच ओली चादर.
"गेले," म्हणाली. "तीन एकामागं एक.
चवथा बसून राहिला जाळीवर,
मला वाटलं हा पडते आता.
मग तो बी."
"पण कसे?"
तिनं हात वर केला,
तळवा उघडला, थोडा वेळ तसाच ठेवला.
एवढंच.

जब्बारला फोन लावला नाही.
उद्या लावू, ती म्हणाली. मीच म्हणणार होतो.

संध्याकाळी मादी आली,
घराच्या सर्व्हिस वायरवर बसली, शेपूट उभी.
मी खालून सांगितलं, बाई, लाइन चालू आहे.
तिला काय.
दोन्ही पाय एकाच तारेवर असले
की काही होत नाही.